पैलवानांच्या अंगची माती

मस्तगडच्या आमच्या गल्लीत ही गोष्ट मोठ्यानं कुणी सांगत नसे. आधी दार लोटून घ्यायचं, मग आवाज चहाच्या बशीपर्यंत खाली आणायचा आणि मगच तोंड उघडायचं. गोष्ट अशी, की सगुणाबाई गोधडीवाली पैलवानांच्या अंगावरून गळलेली माती पदरात बांधून घरात नेते, त्या मातीच्या बाहुल्या करते, आणि ज्याच्या नावाच्या बाहुलीत सुई टोचते तो पैलवान पुढच्या कुस्तीत चीत होतो. सुया तर तिच्याकडं डबाभर होत्याच. त्यामुळं पुरावा वेगळा शोधायची गरज कुणाला पडली नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली सुपारी तोंडात टाकायची राहून गेली. एवढा हादरलो, की एकट्यानं हादरणं बरं वाटेना. म्हणून शेजारी भागवत बसला होता, त्याला सांगितलं.

सगुणाबाई मूळची अंतरवाली सराटीकडची. नवरा अंकुशनगरला कारखान्यात कामाला होता. तो गेल्यावर तिनं जालना गाठलं आणि अप्पाराव वस्तादाच्या तालमीसमोरची एक खोली भाड्यानं घेतली. खोली वस्तादाचीच. बायका जुनी लुगडी, साड्या आणून द्यायच्या आणि ही उंबऱ्यात बसून त्यांच्या गोधड्या शिवायची. टाका असा बारीक, की हात फिरवला तरी लागू नये. पण शिवताना ती सुईकडं कधी बघत नसे. समोर बघायची. आणि समोर होती तालीम.

आता ही तालीम साधी नव्हती. तिथं दोन अशी माणसं राहत, की ज्यांचे फोटो चौकातल्या बॅनरवर आमच्या नगरसेवकापेक्षा मोठे लागत. एक बबलू पैलवान. त्याच्या कुस्त्या लोक मोबाईलवर जेवताना बघतात. दुसरी राजनंदिनी, वस्तादाची लेक. परदेशातून पदक घेऊन आली तेव्हा उघड्या जीपमधून तिची मिरवणूक निघाली होती आणि गल्लीत एवढा गुलाल उडाला, की मुनीरभाई टेलरच्या दुकानातले पांढरे सदरे गुलाबी म्हणून विकावे लागले.

लोकांना वाटतं, अशा माणसांच्या शेजारी राहणं म्हणजे भाग्य. भाग्य आहेच, पण धक्के फार बसतात. बॅनरवर मांडी थोपटणारा बबलू सकाळी तोंडाला टूथपेस्टचा फेस घेऊन, फाटक्या बनियनवर उभा दिसतो. राजनंदिनी मेथीची जुडी उलटीपालटी करून म्हणते, "मुळंच जास्त दिसून राह्यलीत." परगावचा माणूस हे बघून फोटोसाठी काढलेला मोबाईल परत खिशात घालतो. त्याला वाटलेलं असतं, पदकवाल्या पोरी मेथी खात नसतील.

आणि ही परगावची माणसं विचारपूस करायची ती सगुणाबाईकडं. परभणीकडून गाडी भरून आलेली पोरं एकदा तिच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"मावशी, बबलू पैलवान दिसतील का?"

"दिसंल की. आत्ताच मोरीत पाल निघाली म्हणून बाहेर पळालाय. येईल परत, साबण आतच राह्यलाय त्याचा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"पैलवान पालीला भितेत?"

"पाल काय मांडी थोपटून येत न्हाई बाबा. सांगून आली असती तर धरली असती त्यानं."

अशी ती. कोण कधी उठतं, कोण खुराकातले बदाम मांजराला घालतं, कुणाचं वजन वाढलं म्हणून वस्तादानं भाकरी काढून घेतली, सगळं तिला ठाऊक. गोधडी न्यायला आलेली बाई गोधडी विसरून जाई, बातमी मात्र घेऊन जाई. दैवशाला, माझ्या वरच्या मजल्यावर राहते, तिचं आणि सगुणाबाईचं या धंद्यात पटत नसे. एका गल्लीत दोन वर्तमानपत्रं कशी चालायची?

तर मातीचं असं. जालन्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते जालनेकरांना सांगायला नको. नळ कधी येईल ते नळालाच माहीत. म्हणून वस्तादाचा एक नियम होता: आखाड्यातून निघालं की अंगावरची माती आधी कोरडीच खरवडून काढायची, मग हौदातलं पाणी घ्यायचं. हौद होता सगुणाबाईच्या उंबऱ्याशेजारी. त्या फरशीवर उभे राहून सगळे पैलवान अंग खरवडत. तेल, ताक, हळद पाजलेली ती तांबडी माती, तिचे पापुद्रे फरशीवर पडत. सगुणाबाई रोज त्यांच्या नावानं ओरडायची आणि रोज झाडून काढायची. इथपर्यंत कुणाला काही वावगं दिसलं नाही. पण एका पावसाळ्यात दैवशालाला वरून दिसलं, की झाडलेली माती उकिरड्यावर जात नाही. पदराच्या गाठीत जाते. आणि गाठ घरात जाते.

त्यानंतर बाहुली तयार व्हायला वेळ लागला नाही. ती सगुणाबाईनं केली नाही, आम्ही केली.

त्याच पावसाळ्यात राजनंदिनी पुण्याला निवड चाचणीला गेली. त्या चाचणीतून पुढं परदेशी जाणारा संघ ठरायचा होता. पोरगी तयारीत होती. अप्पाराव वस्ताद फोन हातात धरून तालमीच्या पायरीवर बसले होते आणि आम्ही सगळे वस्तादाच्या तोंडाकडं बघत होतो. फोन आला. वस्तादानं ऐकला. खिशात ठेवला आणि आत गेले.

"हारली वाटतं," भागवत म्हणाला.

हरली असती तर बरं झालं असतं. हरण्याची आम्हाला सवय आहे. दुसऱ्या दिवशी कळलं, की कुस्ती झालीच नाही. वजन करायच्या वेळी तिथला डॉक्टर अंग तपासतो. त्यानं राजनंदिनीच्या खांद्यावर एक डाग बघितला आणि तिला बाहेर काढलं. पोरगी आली ती सरळ वरच्या खोलीत गेली. आईनं डाग बघितला आणि खाली येऊन बायकांना सांगितलं: गोल आहे, लाल आहे, कडा उचललेल्या, बांगडी ठेवून उठवल्यासारखा.

बायकांचे हात छातीवर गेले.

"करणीचं रिंगण," दैवशाला म्हणाली.

झालं. माती, सुई, बाहुली, रिंगण. एवढी जुळलेली गोष्ट कोर्टातसुद्धा मिळत नाही. "डॉक्टर काय म्हणला?" असं एकानं विचारून बघितलं. दैवशाला त्याला म्हणाली, "डॉक्टरला करणीतलं काय कळतंय? त्याला फक्त डाग दिसला." राजनंदिनीला विचारावं, तर ती म्हणे, "डाग उठलाय," आणि खाली बघे. पुढं एक अक्षर नाही. तेवढ्यानं आमची खात्रीच झाली.

मग तालमीच्या पायरीवर गल्ली जमली. मी होतोच. वस्तादानं सगुणाबाईला बोलावलं. ती सुईत दोरा ओवत ओवतच आली.

"बाई," वस्ताद म्हणाले, "तुम्ही पोरांच्या अंगची माती घरात नेता, असं लोकं म्हणून राह्यलेत. नेता का न्हाई, तेवढं सांगा."

आम्हाला वाटलं, ती आता आकाशपाताळ एक करणार.

"नेते," ती म्हणाली.

दैवशालाचं तोंड तर उघडंच राहिलं. एवढं बोलायचं ठरवून आली होती, आणि समोरची बाई कबूलच.

"कशाला?"

"ते सांगत न्हाई."

"मंग आम्ही काय समजायचं?"

"जे समजून बसलात तेच समजा. मी समजवल्यानं तुमची समज कुठं वाढायची हाये?"

वस्ताद रागीट माणूस नाही, पण पोरीचं वर्ष बुडालेलं. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "पोळ्याच्या आत खोली खाली करा."

तेव्हा तिचा हात थांबला. मी तिला इतकी वर्षं बघितली, पण सुई हातात असताना हात थांबलेला पहिल्यांदाच बघितला. ती खोली गेली तर उंबरा जाणार, उंबरा गेला तर गिऱ्हाईक जाणार, आणि अंतरवालीत तिच्यासाठी भावाच्या घरचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता, तोही भावजयीच्या मर्जीवर. हे तिला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. वर गॅलरीत राजनंदिनी उभी होती. तिनंही ऐकलं. ती आत गेली.

सगुणाबाई एवढंच म्हणाली, "बराबर हाये. खोली तुमची."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले, आणि थोडे गमतीचेही, खोटं कशाला बोलू. बायकांनी शिवायला दिलेल्या साड्या अर्ध्या टाक्यावरून परत नेल्या. बबलू, ज्याच्या नुसत्या पट काढण्यानं भले भले जमिनीवर येतात, तो तिच्या दारावरून जाईना. मागच्या बोळातून, गटाराच्या कडेनं, पोट आत ओढून भिंतीला घासत जायचा. रिक्षा अडकावी तसा एकदा अडकला. त्याच्या आईनं त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला. दोरा बांधताना तो फार ओरडला म्हणे. आम्ही म्हटलं, करणी अंगात बोलून राह्यली.

मी एका संध्याकाळी सगुणाबाईच्या उंबऱ्याशी गेलो. म्हटलं, "मला तरी सांगा. मी कुणाला सांगत न्हाई."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मलाच हसू आलं.

"भाऊजी, तुम्हाला सांगितलं म्हंजे दवंडीचा खर्चा वाचला. जा, चहा थंडा होतोय तुमचा."

पोळा जवळ आला. बोचकी बांधली जाऊ लागली.

आणि त्या आठवड्यात मला अंबडला जावं लागलं. माझी मेव्हणी मीना अंबडला असते. तिच्या हाताला खाज सुटली होती आणि साडूला वेळ नव्हता. तिथं दर गुरुवारी संभाजीनगरहून एक कातडीच्या डॉक्टरीणबाई येतात, अंबरीन मॅडम. औषधाच्या दुकानावर एक हॉल, त्यात बाकं, आणि दाराशी नावं पुकारायला अतिक नावाचा माणूस. या अतिकचा आवाज असा, की तो मुक्या माणसाचा रोगही बाजारापर्यंत पोचवेल.

आम्ही बसलो. माझ्यासमोरच्या बाकावर एक माणूस बसला होता. बसला होता म्हणजे ते सगळं बाक त्याचंच झालं होतं. तोंडाला गमछा गुंडाळलेला. पण गमछ्याच्या वरच्या बाजूला कान राहिले होते. चुरगळून, सुजून कडक झालेले, कोबीच्या गड्ड्यासारखे कान. असे कान जालना जिल्ह्यात मोजके, आणि त्यातले मी ओळखतो ते आमच्या गल्लीतले.

मी काही बोलायच्या आत अतिकनं पुकारलं, "बबलू! गजकर्ण, जांघेतलं! चलो, जल्दी!"

गमछा तसाच उठला आणि आत गेला. माझी मेव्हणी म्हणाली, "दाजी, काय झालं? तोंड कसं झालं तुमचं?" मला सांगताच येईना. जांघेत गजकर्ण असलेल्या माणसाच्या कमरेला त्याच्या आईनं दोरा आवळला होता. तो ओरडणारच की.

अजून सावरतोय, तोवर खिडकीशी बसलेली एक मुलगी दिसली. स्कूटीवरच्या मुली गुंडाळतात तसा स्कार्फ, फक्त डोळे उघडे. पण खांदे झाकायला स्कार्फ पुरत नव्हता. असे खांदे मी बॅनरवर बघितलेले. राजनंदिनी. जालन्यात कुठल्याही दवाखान्यात ही दोघं बसली असती तर फोटो काढायला रांग लागली असती. म्हणून दोघं अंबडला आली होती. एकमेकांना न सांगता, वेगवेगळ्या गाड्यांनी.

मी पंख्याकडं बघत बसलो. आपण काही बघितलं नाही असं दाखवायचं, तर एवढंच करता येतं. तेवढ्यात अतिकनं पुन्हा पुकारलं.

"सगुणाबाई! मस्तगड, जालना! गजकर्ण! मलम संपलं का?"

कुणी उठलं नाही. पाण्याच्या माठाशेजारी खांबाआड एक पिशवी होती आणि पिशवीला धरलेला एक हात होता. त्या हाताच्या बोटाला सुईच्या टोचण्या. मी कपाळावर हात मारला नाही, तो आपोआप तिथं गेला.

राजनंदिनी वळली. तिनं खांबाकडं बघितलं, मग स्कार्फ खाली केला. सगुणाबाई पुढं आली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मी माणसांकडं बघणं सोडून दिलं, कान मात्र तिथंच ठेवले.

"तुला पुण्यातच सांगितलं असंल," सगुणाबाई म्हणाली. "डॉक्टरनं."

"सांगितलं व्हतं."

"मंग खाली येऊन बोलली का न्हाई?"

पोरीनं स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मावशी, करणी म्हणलं की लोकं हळहळतेत. गजकर्ण म्हणलं की उठून लांब बसतेत. मला वाटलं, जरा दिवस जाऊ द्यावं, मंग कमी होईल सगळं."

"कमी झालं न. मीच कमी होऊन राह्यले."

"तुम्ही का न्हाई बोलल्या मंग? तुमचंही तेच व्हतं."

"मी गोधड्या शिवते, पोरी. कोण घेईल मंग अंगावर?"

अतिकनं तिसऱ्यांदा नाव घेतलं. सगुणाबाई आत गेली. राजनंदिनी उभीच होती. बबलू मलमाची चिठ्ठी घेऊन बाहेर आला, तिला बघून जागीच थबकला, मला बघून आणखी थबकला, आणि मग कोणताच रस्ता नसल्यासारखा पुन्हा डॉक्टरच्याच खोलीत शिरला.

मी हे गल्लीत सांगितलं का? तुम्हाला वाटत असेल, सांगितलं. नाही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बातमी मिळाली आणि माझं पोट दुखलं तरी मी ती धरून ठेवली. त्या बाईची खोली माझ्या तोंडात होती आणि तिचा धंदाही माझ्याच तोंडात होता. एक वाचवायला दुसरा बुडवावा लागला असता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो दारात लागला. गल्ली बघायला उभी. कुणी हात लावत नव्हतं; करणीवालीच्या सामानाला कोण हात लावणार? सगुणाबाई एकटीच एकेक बोचकं वर ढकलत होती. अप्पाराव वस्ताद पायरीवर बसले होते, दुसरीकडं तोंड करून.

राजनंदिनी जिना उतरून खाली आली. टेम्पोच्या पुढं उभी राहिली. टी-शर्टचा गळा बाजूला ओढला आणि खांदा उघडा केला.

"हे गजकर्ण हाये," ती म्हणाली. "करणी न्हाई. पुण्यातच सांगितलं मला. आखाड्यातून लागलं, अंगाला अंग लागून. मीच बोलले न्हाई."

गल्लीचं काय झालं ते कसं सांगू. करणी ऐकून लोक एवढे हादरले नव्हते. जिच्या गळ्यात पदक बघून आम्ही फटाके वाजवले, तिला गजकर्ण होतं, खाज सुटते, ती खाजवते, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. पुढं उभ्या असलेल्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. ते तिनं बघितलं, मान मात्र खाली घातली नाही.

"तालमीतल्या बाकीच्यांनीही तपासून घ्या," ती म्हणाली. "बबलूदादालाही हाये."

"माझं कशाला काढती गं," बबलू मागून म्हणाला, आणि मग सगळे वळून बघताहेत हे लक्षात आल्यावर म्हणाला, "थोडंच हाये."

दैवशाला हरणारी बाई नाही. "ते असू द्या," ती म्हणाली. "मंग ही माती कशाला नेती व्हती? ते सांगा आधी."

राजनंदिनीनं सगुणाबाईकडं बघितलं. सगुणाबाईनं तिच्याकडं.

"ते तिचं तिला ठाऊक," राजनंदिनी म्हणाली. "माझ्या डागाचा आन् त्याचा संबंध न्हाई. बाबा, मावशी इथंच राहतील."

वस्ताद उठले. लेकीकडं बघितलं नाही, कुणाकडंच बघितलं नाही. टेम्पोत हात घालून वरचं बोचकं उचललं आणि खोलीकडं निघाले.

"हळू," सगुणाबाई म्हणाली. "त्यात लोणच्याची बरणी हाये."

माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडं ती पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी वस्तादाच्या घरून पुरणपोळीचं ताट आलं, आणि सगुणाबाईनं कटाची आमटी पातळ झाली म्हणून नाव ठेवून ते खाल्लं. वस्तादानं सगळ्या पोरांना रांगेनं डॉक्टरकडं नेलं, आखाडा बंद ठेवला आणि जुनी माती उकरून फेकली. दिवाळीच्या तोंडावर राजनंदिनी पुन्हा चाचणीला गेली. अंग स्वच्छ होतं. कुस्ती झाली, शेवटच्या फेरीत थोडक्यात हरली. यंदा परत जाणार आहे. मेथीची जुडी अजून उलटीपालटी करूनच घेते.

मातीचं कोडं मात्र दैवशालानं सोडलं नाही. करणी नाही तर मग वशीकरण असेल, असं तिचं चालू आहे. सगुणाबाईच्या डोळ्यांत मागच्या साली मोतीबिंदू उतरला, ऑपरेशन झालं, पण बारीक टाका आता जमत नाही. गोधड्या तिनं बंद केल्या. उंबऱ्यात बसते, बातम्या देते, गिऱ्हाईक तेवढंच आहे. म्हणून मी परवा तिला म्हटलं, "आता धंदा बंद झाला तुमचा. मातीचं तुम्ही मागं मला सांगितलं, ते आता लिहू का?"

"लिहा," ती म्हणाली. "पण कुठं झाल्तं ते लिहू नका, भाऊजी. तेवढी लाज ठेवा."

सगुणाबाईला कमरेला गजकर्ण झालं होतं. पैलवानाच्या अंगची माती चोळली की ते जातं, असं तिला माहेरी कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ती माती घरात नेऊन पाण्यात कालवून कमरेला लावत होती. तालमीतल्या पोरांना आधीच गजकर्ण होतं, त्यामुळं मातीनं तिचं वाढलं. मलमानं ते गेलं. बाहुली कधीच नव्हती.